केंद्रक फुटत का नाही, मग काही फुटतात का, आणि १६ दिवसांनी आयोडीन संपतं का?

ताई, तुमच्या मुलीचे तिन्ही प्रश्न वाचले. नववीतली पोरगी हे विचारतेय म्हणजे नुसतं पाठांतर चाललेलं नाहीये, बरं वाटलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात परत लिहितो. पहिला, केंद्रकात सगळे प्रोटॉन प्लस, प्लस-प्लस एकमेकांना ढकलतात, मग केंद्रक फुटत कसं नाही? दुसरा, तिच्या मावशीला थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलंय, त्याचं अर्धायुष्य ८ दिवस, मग १६ दिवसांत ते पूर्ण संपायला हवं ना? आणि तिसरा, लासलगावला कांद्यावर गॅमा किरण मारतात तो कांदा खाल्ला तर ती किरणं पोटात जातात का? मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये (म्हणजे किरणोत्सारी औषधं देऊन तपासणी आणि उपचार करतात तो विभाग) टेक्नॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय, अधूनमधून शाळांतही बोलवतात, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या अनुभवात मुलांचा गोंधळ सगळा एकाच ठिकाणी होतो. अणूमध्ये दोन वेगळे कारभार चालतात आणि ते एकमेकांत जवळजवळ ढवळाढवळ करत नाहीत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बाहेर इलेक्ट्रॉन आहेत, आणि लोखंड गंजणं, दूध नासणं, लाकूड जळणं, जेवण पचणं, हे सगळं त्यांच्या देवाणघेवाणीचं काम. आत केंद्रक आहे, त्याला यातलं काहीच कळत नाही. चूल पेटली, स्फोट झाला, ॲसिडमध्ये बुडवलं, तरी आतलं केंद्रक जसंच्या तसं, कारण रासायनिक क्रियेत एका अणूमागे जी ऊर्जा लागते किंवा निघते त्याच्या लाखो पट ऊर्जेचे व्यवहार केंद्रकात चालतात. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की तिन्ही प्रश्न बऱ्यापैकी आपोआप सुटतात, बघा.

आधी केंद्रक आहे हे कळलं कसं ते सांगतो, कारण पुस्तकात त्याला चार ओळी असतात आणि गंमत सगळी त्यातच आहे. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसननी इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हा समज असा होता की प्लस चार्ज अख्ख्या अणूभर पसरलेला आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतून बसलेत. मग १९०९ च्या सुमारास मँचेस्टरला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन (मार्सडेन तेव्हा अजून शिकत होता, विशीतला पोरगा) पातळ सोन्याच्या वर्खावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून निघणारे प्लस चार्जचे कण) सोडत होते आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उठणारे बारीक ठिपके मोजत होते. बहुतेक कण सरळ पार गेले. काही थोडे वळले. आणि हजारोंत एखादा चक्क उलटा फिरून मागे आला. आता प्लस चार्ज सगळीकडे पातळ पसरलेला असता तर अल्फासारख्या जड, वेगवान कणाला मागे फिरवायची ताकद कुठेच नसती. म्हणजे तो चार्ज कुठेतरी एका टिचभर जागेत दाबून बसलेला असणार, आणि तो नेमका समोर येणं दुर्मिळ म्हणूनच हजारोंत एखादा परत येतो. १९११ मध्ये रदरफोर्डनी हे गणित मांडलं. किती टिचभर? सोन्याचं केंद्रक कागदावर १ सेंटीमीटर रुंद काढलं तर अणूसाठी वर्तुळ साधारण २०० मीटर रुंद काढावं लागेल. पुस्तकातली आकृती त्यामुळे प्रमाणात काढणं शक्यच नाही, आणि मुलांना वाटतं केंद्रक म्हणजे अणूचा चांगला पाव भाग वगैरे. आणि एवढ्याशा त्या ठिपक्यात अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान असतं.

आता पहिला प्रश्न. एवढ्याशा जागेत सोन्याचे ७९ प्रोटॉन कोंबलेत आणि ते एकमेकांना खरंच ढकलतात, प्रचंड ढकलतात. तुमच्या मुलीची शंका शंभर टक्के बरोबर आहे. पण प्रोटॉन-न्यूट्रॉन एकमेकांना अगदी चिकटून असले की आणखी एक बल काम करतं, त्याला प्रबल केंद्रकीय बल म्हणतात, आणि तेवढ्या अंतरावर ते विद्युत ढकलाढकलीपेक्षा कितीतरी पट जोरदार असतं. त्याची खोड एकच, पोच फार कमी. म्हणजे शेजारच्याला घट्ट धरतं पण पलीकडच्या टोकाच्या प्रोटॉनपर्यंत पोचतच नाही. विद्युत बलाचं उलट आहे, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना ढकलतं. म्हणून केंद्रक छोटं असेल तर धरणारे जिंकतात, केंद्रक मोठं होत गेलं की ढकलणाऱ्यांची बेरीज वाढत जाते आणि धरणारे तेवढेच, फक्त शेजारी.

यात न्यूट्रॉन कामाला येतात. त्यांना चार्ज नाही, म्हणजे ते ढकलत नाहीत, पण धरायचं काम करतात. कार्बन-१२ मध्ये ६ प्रोटॉनला ६ न्यूट्रॉन पुरतात, पण शिसं-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनना सांभाळायला १२६ न्यूट्रॉन लागतात. शिशाच्या पुढे कितीही न्यूट्रॉन घाला, कायमचं टिकणारं केंद्रक सापडतच नाही. बिस्मथ-२०९ ला लोक कितीतरी वर्षं स्थिर धरत होते, २००३ मध्ये कळलं की तेही फुटतं, फक्त विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त वेळ घेऊन, त्यामुळे शाळेपुरतं ते स्थिर म्हटलं तरी कुणाचं बिघडत नाही. आणि न्यूट्रॉन नुसते वाढवत नेले म्हणून भागत नाही, त्यांची गर्दी झाली तरी केंद्रक डळमळीत होतं. कार्बन-१४ मध्ये ६ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन, तिथे एक न्यूट्रॉन प्रोटॉन बनतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो (सोबत अँटिन्यूट्रिनो नावाचा एक कणही जातो, तो शाळेत सोडून देतात) आणि कार्बनचा नायट्रोजन होतो. याला बीटा म्हणायचं. इथे दर वर्गात एक चूक हमखास दिसते, मुलं समजतात की बीटाचा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कक्षेतून निघाला. नाही. तो केंद्रकातून आला, त्याच क्षणी तयार होऊन. आधी तो आत बसलेला पण नव्हता.

अल्फामध्ये २ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉनचा एक गठ्ठा निघून जातो, म्हणजे अणुअंक २ ने आणि अणुवस्तुमानांक ४ ने कमी. गॅमामध्ये कण जात नाही, केंद्रकाकडे उरलेली जादा ऊर्जा तेवढी बाहेर पडते, मूलद्रव्य तेच राहतं. पोरीला एक गणित द्या, युरेनियम-२३८ चं शेवटी शिसं-२०६ होतं, तर वाटेत किती अल्फा आणि किती बीटा? वस्तुमान ३२ ने कमी झालं, म्हणजे ८ अल्फा. ८ अल्फांनी अणुअंक ९२ वरून ७६ वर येईल, पण शिशाचा ८२ आहे, म्हणजे ६ बीटा. हे तिला स्वतःहून सुटलं तर परीक्षेचा हा भाग झाला समजा.

इतिहास एका दमात सांगून टाकतो. १८९६ मध्ये पॅरिसला बेकरेलच्या टेबलाच्या खणात काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची प्लेट युरेनियमच्या क्षारामुळे आपोआप काळवंडली, ऊन न लागता. पुढे मेरी आणि पिअर क्युरी यांनी १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम शोधलं. आणि मेरी क्युरींनी जी गोष्ट फार लवकर ओळखली ती माझ्या मते सगळ्यात मोठी. युरेनियम कुठल्याही संयुगात असो, पावडर असो की द्रावण, किरणोत्सार फक्त त्यात युरेनियम किती आहे यावर ठरतो. म्हणजे हा गुण रसायनाचा नाही, खुद्द अणूचा. केंद्रक हा शब्द यायला अजून बरीच वर्षं होती तेव्हा.

आता दुसरा प्रश्न, अर्धायुष्य. इथे मी व्याख्या सांगतच नाही, चिंचोके आणायला सांगतो. घरात चिंच असेलच, चिंचोके फोडून त्यांच्या दोन-दोन डाळी करा, सारीपाटासारख्या खेळात फाशाऐवजी वापरतात तशा, एक बाजू पांढरी आणि एक तपकिरी. अशा १०० डाळी डब्यात हलवून वर्तमानपत्रावर टाकायच्या. पांढरी बाजू वर आलेल्या बाजूला काढायच्या, त्या 'फुटल्या'. उरलेल्या मोजून वहीत लिहायच्या आणि परत टाकायच्या. असं संपेपर्यंत, आणि मग किती उरले याचा आलेख काढायचा.

करून बघा, तीन गोष्टी आपोआप दिसतात. पहिली, कुठली डाळ फुटणार हे कुणालाच सांगता येत नाही पण साधारण किती फुटणार हे बऱ्यापैकी सांगता येतं. दुसरी, सहा फेऱ्या वाचलेली डाळ 'दमलेली' नसते, सातव्या फेरीत तिची फुटायची शक्यता पहिल्या फेरीइतकीच असते. केंद्रकाचंही तसंच, त्याला वय नाही. माणसाचं अर्धं आयुष्य सरलं की उरलेलं अर्धं उरतं, या हिशोबाने मुलं ८ आणि ८ मिळून १६ करतात आणि तिथेच फसतात. आयोडीनमधलं जे केंद्रक ८ दिवस टिकलं त्याच्या पुढे परत तेवढंच, अर्धी शक्यता पुढच्या ८ दिवसांत फुटायची. म्हणून ८ दिवसांनी निम्मं, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी आठवा भाग. तिसरी गोष्ट, शेवटी चार-पाच डाळी उरल्या की आलेख वेडावाकडा होतो, एखादी शेवटची डाळ उगाच चार फेऱ्या अडून बसते. अर्धायुष्य हा झुंडीचा नियम आहे, एकट्यादुकट्याचा नाही. औषधाच्या डोसात केंद्रकं इतकी प्रचंड असतात की तिथे आलेख गुळगुळीत येतो.

आणि चिंचोक्याचा एक जास्तीचा फायदा असा की डाळीची एक बाजू फुगीर, एक सपाट, त्यामुळे नाण्यासारखी अर्धी-अर्धी शक्यता मिळेलच असं नाही. समजा दर फेरीला शंभरातल्या ४० च फुटल्या, तर निम्म्या व्हायला एक फेरी पुरणार नाही, साधारण १.४ फेऱ्या लागतील, हे आलेखावरून वाचता येतं. वेगवेगळ्या समस्थानिकांची (म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमीजास्त अशा भावंडांची) अर्धायुष्यं वेगवेगळी का, याचं उत्तर हेच, प्रत्येकाची फुटायची शक्यता वेगळी. आयोडीन-१३१ च्या एका केंद्रकाची दर सेकंदाला फुटायची शक्यता जवळपास बरोबर दहा लाखात एक आहे, आणि त्यातूनच ते ८ दिवस निघतात.

आता मावशीच्या गोळीकडे येऊ, कारण सुरुवातीला म्हटलेले दोन कारभार इथे एकत्र दिसतात. आपल्या नेहमीच्या आयोडीनचं केंद्रक ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉनचं, आयोडीन-१३१ मध्ये प्रोटॉन ५३ च पण न्यूट्रॉन ७८. बाहेर इलेक्ट्रॉन दोन्हीकडे सारखेच. थायरॉईड ग्रंथी फक्त बाहेरचं बघते, तिला फरक कळायचा प्रश्नच नाही, ती मिठातल्या आयोडीनसारखंच हेही ओढून घेते. आणि केंद्रकाला आपण माणसाच्या गळ्यात बसलोय की शिशाच्या डबीत हे कळत नाही, ते त्याच्या हिशोबाने फुटत राहतं, बीटा कण (आणि सोबत गॅमाही) बाहेर टाकतं आणि तिथेच झेनॉन होऊन बसतं. एक निष्क्रिय वायू, गळ्यात! हे सांगितलं की वर्गात हमखास दोन-चार पोरं स्वतःचा गळा चाचपतात. बीटा कण पेशींमध्ये फार तर दोनेक मिलिमीटर जातो, म्हणून मार मुख्यतः थायरॉईडलाच बसतो. आणि प्रमाण केवढं, तर १ मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) आयोडीन-१३१ म्हणजे वजनाने साधारण ८ नॅनोग्रॅम, डोळ्यांना दिसायचा संबंधच नाही.

मग १६ दिवसांनी मावशीच्या अंगात पाव उरलं का? तेवढंही नाही, कारण शरीर स्वतः काही भाग बाहेर टाकतं. थायरॉईडने न पकडलेलं बरंचसं आयोडीन पहिल्या दोनेक दिवसांतच लघवीवाटे जातं. म्हणून पाणी भरपूर प्या, संडासात दोनदा फ्लश करा, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून जरा लांब रहा असं सांगतात. किती दिवस ते डोसवर ठरतं, त्यांना दवाखान्यात जे लिहून दिलंय तेच पाळायचं, माझं ऐकून त्यात बदल करू नका.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये दिवसाची सुरुवातच अर्धायुष्याने होते. बोन स्कॅन वगैरेला टेक्नेशियम-९९एम लागतं, त्याचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे लांबून मागवून साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून मॉलिब्डेनम-९९ भरलेला शिशाचा जनरेटर येतो, त्याचं अर्धायुष्य ६६ तास, आणि आत ते फुटून टेक्नेशियम तयार होत राहतं. रोज सकाळी त्यातून सलाईन ओढलं की टेक्नेशियम त्यात उतरतं, मॉलिब्डेनम मागे राहतं. आम्ही याला जनरेटर मिल्क करणं म्हणतो, जनरेटरला गायच म्हणतात. सकाळी ७ ला काढलेलं दुपारी १ ला निम्मं, म्हणून पेशंट उशिरा आला की तेवढ्याच डोससाठी जास्त मिली भरावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उरतो फक्त सोळावा भाग. कचरा पण आम्ही नष्ट करत नाही, करताच येत नाही, शिशाच्या डब्यात ठेवून वाट बघतो. १० अर्धायुष्यं गेली की हजारावा भाग उरतो. टेक्नेशियमला अडीच दिवस, आयोडीनला ८० दिवस. आणि मग मीटरने तपासून पुढे. लोक विचारतात जाळून का टाकत नाही. जाळलं तर केंद्रकं तीच राहणार, फक्त धुरातून पसरणार.

शिशाच्या ॲप्रनबद्दल पण सांगून टाकतो, कारण सगळ्यांना वाटतं तो घातला की काळजी मिटली. अल्फा साध्या कागदाने अडतो, कातडीच्या वरच्या मृत थरानेही अडतो (पोटात गेला तर मात्र सगळ्यात घातक तोच), बीटाला काही मिलिमीटर ॲल्युमिनियम पुरतं. गॅमा पूर्ण असा अडत नाही, ठरावीक जाडीला निम्मा होतो, पुढे परत निम्मा. टेक्नेशियमच्या गॅमाला निम्मा करायला पाव मिलिमीटरच्या आसपास शिसं पुरतं, आयोडीन-१३१ ला साधारण ३ मिलिमीटर, कोबाल्ट-६० ला १२ मिलिमीटर. ॲप्रनमध्ये असतं अर्धा मिलिमीटर. म्हणजे आयोडीनसमोर ॲप्रन घालून उभं राहण्यापेक्षा दोन पावलं मागे सरणं जास्त फायद्याचं, अंतर दुप्पट झालं की मार चौथाई होतो.

राहिला कांदा. लासलगावचं 'कृषक' केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये सुरू केलं, तिथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. त्याने कोंबाच्या जागच्या वाढणाऱ्या पेशींचा डीएनए बिघडतो आणि कोंब येत नाही. डीएनए म्हणजे शेवटी इलेक्ट्रॉनचाच कारभार, गॅमा तिथले इलेक्ट्रॉन उडवतो. पण कोबाल्टच्या गॅमाची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (केंद्रकाच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक), एवढ्याने कांद्यातल्या कार्बनचं किंवा ऑक्सिजनचं केंद्रक फुटत नाही. केंद्रक बदललं नाही म्हणजे कांदा किरणोत्सारी झाला नाही, आणि किरण तर आले तसे गेले. कांदा उन्हात ठेवला होता म्हणून तो रात्री चमकत नाही, धुळवडीचा रंग लागला तर मात्र तो अंगावर बसतो आणि घरभर फिरतो. किरण पडणं म्हणजे ते ऊन, किरणोत्सारी पदार्थ लागणं म्हणजे तो रंग. याच केंद्रात पुढे आंब्यावरही प्रक्रिया व्हायला लागली आणि २००७ मध्ये भारतातला आंबा अमेरिकेत गेला तो याच वाटेने, फळातल्या किडीची वाढ थांबावी म्हणून.

एक अपवाद सांगतो, हुशार पोरं विचारतातच. न्यूट्रॉनचा मारा केला तर मात्र वस्तू खरंच किरणोत्सारी होते, कारण न्यूट्रॉनला चार्ज नाही, त्याला कुणी ढकलत नाही, तो सरळ केंद्रकात शिरतो. अणुभट्टीत साधं कोबाल्ट-५९ ठेवून कोबाल्ट-६० असंच बनवतात. कांद्याच्या केंद्रात न्यूट्रॉन नसतात.

तसा किरणोत्सार आपल्या सगळ्यांच्या अंगात आहेच, किरण मारलेलं काही न खाता. नैसर्गिक पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं, त्यामुळे मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चारेक हजार केंद्रकं फुटत असतात. केळं, बटाटा, शहाळं, सगळ्यात थोडं थोडं. किरण मारलेल्या कांद्यात असेल तेवढंच न मारलेल्या कांद्यातही.

भीती बाळगायचीच असेल तर ती खुद्द स्रोताची बाळगा. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका प्रयोगशाळेतलं जुनं गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं, कामगारांनी ते फोडलं, आतलं कोबाल्ट-६० उघडं पडलं, त्यात एकाचा जीव गेला आणि बाकीचे काही जण गंभीर आजारी पडले. ते यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतं. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. पोरीला विचारा, २५ वर्षांत त्यातलं किती उरलं असेल? साधारण सत्ताविसावा भाग, आणि तेवढंही पुरलं. त्यामुळे भंगारात, शेतात, रस्त्याच्या कडेला कुठेही जड धातूचा डबा किंवा नळी दिसली आणि त्यावर किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह असलं तर हात लावायचा नाही, फोटो काढायला जवळ जायचं नाही, लांब होऊन ११२ ला फोन करायचा.